गिरनार आरोहणाची पूर्वतयारी

श्रीक्षेत्र गिरनार हे दत्तभक्तांचे परमपवित्र स्थान होय. सौराष्ट्रातील जुनागढ शहराला लागून उभ्या असलेल्या या पर्वताच्या शिखरावर श्रीगुरू दत्तात्रेयांच्या पादुका आहेत. त्यांच्या दर्शनाची आस धरून महाराष्ट्रातून वर्षभर भाविक तेथे जातात. दर पौर्णिमेचा नेम पाळणारेही पुष्कळ आहेत. बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथ यांच्यामुळे जैन बांधवांनाही हा पर्वत तितकाच पूज्य आहे. यात्रेचे माहात्म्य सांगणारे साहित्य भाविकांना विपुल मिळते. परंतु ज्या देहाने ही यात्रा घडावयाची, त्या देहाच्या तयारीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. घरातून निघताना पूजेचे साहित्य आठवणीने घेतले जाते आणि रक्तदाबाच्या गोळ्या देव्हाऱ्यापाशी राहून जातात, असे प्रसंग थोडे नाहीत. प्रस्तुत लेख त्या तयारीपुरताच आहे.

पर्वताचे स्वरूप

गिरनार हे एकच शिखर नसून शिखरांची रांग आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी. भवनाथ तळेटीपाशी पहिली पायरी लागते. तेथून साधारण चार हजार पायऱ्यांच्या आसपास नेमिनाथांचे मंदिर व अन्य जैन मंदिरांचा समूह येतो, आणि पाच हजारांच्या सुमारास अंबाजीचे स्थान येते. त्यापुढे गोरक्षनाथांचे शिखर. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीचे हे शिखर गुजरात राज्यातील सर्वांत उंच स्थान होय. तेथून वाट पुन्हा खाली उतरते, कमंडलू कुंडाकडे जाणाऱ्या पायऱ्यांचा फाटा लागतो, आणि मग दत्तशिखराचा उभा चढ सुरू होतो. एकूण पायऱ्या १०,००० च्या घरात भरतात.

या १०,००० मध्ये केवळ चढाच्या नव्हे, तर मधल्या उतारांच्याही पायऱ्या आहेत. जाताना जो उतार सुखाचा वाटतो, तोच परतताना चढ होऊन समोर उभा राहतो. दर्शन झाले, आता केवळ उतरावयाचे आहे, अशा समजुतीने निघालेल्या यात्रेकरूला गोरक्षनाथांच्या शिखरावर पुन्हा चढावे लागते, आणि तेही थकलेल्या पायांनी व चढत्या उन्हात. गिरनारवर अनेकांचे अवसान गळते ते याच टप्प्यावर. म्हणून आपल्या शक्तीचा हिशेब मांडताना दत्तशिखर हा अर्धा रस्ता मानावा.

२४ ऑक्टोबर २०२० रोजी तळेटीपासून अंबाजीपर्यंतचा रोपवे सुरू झाला. सुमारे २.३ किलोमीटरचे हे अंतर काही मिनिटांत पार होते आणि वृद्ध व अशक्त भाविकांची मोठी सोय झाली आहे. तथापि या सोयीमागे एक गैरसमजही दडलेला आहे. पायी जाणारा यात्रेकरू मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे निघतो व दिवस उजाडण्याच्या सुमारास वरच्या शिखरांवर पोहोचतो. रोपवे मात्र रात्री चालत नाही. सकाळी रांगेत उभे राहून अंबाजीला उतरलेला यात्रेकरू ऊन तापू लागल्यावर पायऱ्या चालू लागतो, आणि सावली विरळ असलेल्या त्या धारेवरून ऐन माध्यान्ही परततो. पायऱ्या निम्म्या, पण ऊन कितीतरी अधिक, असा हा सौदा आहे. त्यातच वारा वाढला किंवा पाऊस आला तर रोपवे थांबवला जातो. तेव्हा रोपवेने जाणाऱ्यानेही पाच हजार पायऱ्या उतरण्याइतकी शक्ती राखून ठेवावी, अथवा डोलीची व्यवस्था आधीच विचारून ठेवावी. डोलीचा आकार यात्रेकरूच्या वजनावर ठरतो व त्यासाठी तळेटीला तराजू असतो. तेथे वजन करून घेण्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

उष्णता अंगावर कशी येते

पायऱ्या चढताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यापैकी साधारण चौथा हिस्सा चढण्याच्या कामी येतो. उरलेल्या तीन हिश्शांची उष्णता होते. म्हणजे चढणाऱ्या माणसाच्या अंगात एक शेगडी पेटलेली असते, आणि बाहेरचे ऊन हे तिच्यावरचे झाकण. ही उष्णता बाहेर टाकण्याचा देहाचा मुख्य उपाय म्हणजे घाम. परंतु घाम केवळ निथळून उपयोग नाही. तो वाळला तरच अंग थंड होते. पावसाळ्यापूर्वीच्या दमट दिवसांत, वारा पडलेला असताना, घाम अंगावरून नुसता वाहतो. पाणी जाते आणि थंडावाही लाभत नाही. म्हणून तापमापकावरील आकडा पाहून निश्चिंत होऊ नये.

उंचीबरोबर हवा थंड होते हे खरे; हजार मीटरला साधारण सहा अंशांचा फरक पडतो. पण एप्रिल-मे महिन्यांत जुनागढचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा हा फरक पुरेसा ठरत नाही. शिवाय पायाखालचा दगड हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. अनवाणी यात्रेचा नवस असलेल्यांनी याचा विशेष विचार करावा. पहाटे जी पायरी गार लागते, तीच दुपारी तळपाय भाजते. अनवाणी चढून, परतीसाठी पिशवीत पादत्राणे ठेवण्यात नवसाला बाध येत असेल असे वाटल्यास आपल्या गुरुजींना आधी विचारावे. बहुतेक जण अनुमतीच देतील.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आरोहणास सर्वांत अनुकूल. ऑक्टोबरची उष्णता फसवी असते, कारण मनात हिवाळ्याची कल्पना असते. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, धुके दाटते आणि अंबाजीच्या पुढे वारा अंगाला ढकलतो. अवकाळी पावसाचेही या पर्वताला वावडे नाही, आणि त्याचा पुरावा वाटेवरच आहे. जुनागढहून भवनाथकडे जाताना ज्या शिळेवर सम्राट अशोकाचे लेख कोरलेले आहेत, त्याच शिळेवर महाक्षत्रप रुद्रदामन याचा इसवी सन १५० च्या सुमाराचा संस्कृत लेख आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या काळी बांधलेल्या सुदर्शन तलावाचा बांध भयंकर वादळी पावसाने फुटल्याची हकीकत त्यात आहे. ऊर्जयत्, म्हणजेच गिरनार, पर्वतावरून उतरणाऱ्या सुवर्णसिकता व पलाशिनी या नद्यांना पूर आला होता. लेखात तिथी दिली आहे ती मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा. महाराष्ट्राच्या पंचांगरीतीने हा दत्तजयंतीचा दुसरा दिवस होतो. सारांश, हिवाळ्यातही एक हलका रेनकोट पिशवीत असावा.

आठ आठवड्यांचा अभ्यास

रोज चालण्याची सवय असलेल्यांनाही सपाटीवरचे चालणे पुरेसे नाही. यात्रेपूर्वी किमान आठ आठवडे पायऱ्यांचा अभ्यास करावा. पहिल्या पंधरवड्यात रोज अर्धा तास भरभर चालणे व शंभर-दोनशे पायऱ्या एवढे पुरे. मग पायऱ्या हळूहळू वाढवीत सहाव्या-सातव्या आठवड्यात एका दिवशी दोन हजारांपर्यंत न्याव्यात. पुण्यातील पर्वतीच्या पायऱ्या १०३ आहेत. तेथे वीस फेऱ्या केल्यास हा आकडा गाठता येतो. चार मजली इमारतीचा जिनाही चालेल. ज्यांना शक्य आहे त्यांनी मधल्या एक-दोन रविवारी सिंहगडासारखा गड पायवाटेने चढून यावा.

येथे एक चूक सर्रास होते. अनेक जण जिना चढतात आणि दमले म्हणून लिफ्टने खाली येतात. वास्तविक दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरण्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच देहाचा भार रोखून धरतो, आणि या प्रकारच्या श्रमाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. मात्र तोच श्रम थोड्या प्रमाणात आधी करून घेतला तर पुढच्या वेळी इजा पुष्कळ कमी होते, हा स्नायूंचा गुणधर्म आहे. म्हणून अभ्यासात जितक्या पायऱ्या चढाव्यात, तितक्याच उतराव्यात. गुडघेदुखी असणाऱ्यांनी काठीचा सराव घरापासूनच करावा; पहिल्या पायरीजवळ काठी भाड्याने मिळते, पण ती कशी टेकावी हे तेथे कोणी शिकवीत नाही. उतरताना काठी आधी खालच्या पायरीवर टेकावी व मग पाऊल टाकावे.

उन्हाचीही सवय करावी लागते. देहाला उष्णतेशी जुळवून घेण्यास एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो व त्यातून क्षार कमी जातात. दिवसभर वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्यांनी शेवटचे दहा-पंधरा दिवस सायंकाळी उशिरा न चालता चार-साडेचारला, सोसेल इतकेच, चालावे.

चढण्याचा वेग किती असावा, याचे माप भाविकांजवळ आधीच आहे. तोंडाने नामजप करीत चढावे. जप अखंड चालत असेल तर वेग योग्य. शब्दाशब्दाला धाप लागत असेल तर वेग अधिक आहे, आणि दोन पायऱ्या थांबून तो कमी करावा. वैद्यकशास्त्रातही श्रमाची मात्रा बोलण्यावरून ओळखण्याची हीच पद्धत वापरतात.

औषधे, उपवास आणि नवस

हा भाग वाचताना काही भाविकांना अवघड वाटेल, तथापि तो वगळता येत नाही.

चाळिशी उलटलेल्या, तसेच मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असलेल्या प्रत्येकाने यात्रेच्या महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांची भेट घ्यावी आणि "देवदर्शनाला जातो" असे न सांगता "एका दिवसात १०,००० पायऱ्या जाऊन तितक्याच परत यायच्या आहेत" असे स्पष्ट सांगावे. दोन वाक्यांना मिळणारी उत्तरे वेगवेगळी असतात. रक्तदाबासाठी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी पुष्कळांना दिलेली असते. उन्हात घाम गाळताना तिचा परिणाम वाढतो. काही औषधांनी हृदयाची गती वाढू शकत नाही, तर सर्दीच्या काही गोळ्यांनी घाम कमी होतो. यांपैकी कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. मात्रा किंवा वेळ बदलावयाची का, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

मधुमेही व्यक्तीने गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपवासाने चढणे अत्यंत धोक्याचे आहे. श्रमाने साखर झपाट्याने उतरते. हात थरथरणे, दरदरून घाम, एकाएकी चिडचिड ही तिची लक्षणे. आणि चढताना घाम सर्वांनाच आलेला असल्याने सोबत्यांना ती ओळखू येत नाहीत. खिशात साखर किंवा गूळ ठेवावा, आणि आपल्याला मधुमेह आहे हे गटातील निदान दोघांना सांगून ठेवावे.

निर्जळी उपवास करून चढण्याचा संकल्प काही जण करतात. श्रद्धेचा आदर राखूनही सांगणे प्राप्त आहे की तासाला अर्धा ते दीड लिटर पाणी घामावाटे जाऊ शकते, आणि दहा-बारा तासांच्या श्रमात ती तूट देह सोसू शकत नाही. उपवास करावयाचा असल्यास आरोहणाच्या आदल्या किंवा नंतरच्या तिथीला करावा. एखाद्या वृद्धाने निर्जळी चढताना वाटेत कोसळावे आणि त्याला खांद्यावरून उतरविताना चार जणांनी आपले दर्शन सोडावे, असा नवस कोणी बोललेला नसतो.

पाणी आणि आहार

तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट पाणी प्यावे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे, गडद असेल तर कमी पडते आहे. मात्र नुसते पाणी लिटरच्या लिटर पिणेही अपायकारक आहे. रक्तातील सोडियम उतरून डोके दुखते, मळमळते, पुढे भ्रमही होतो, आणि सोबती त्यालाच उष्माघात समजून आणखी पाणी पाजतात. म्हणून पाण्यासोबत क्षार जावेत. औषधाच्या दुकानातील जलसंजीवनीची पुडी सर्वांत उत्तम. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. साधे वाटणारे हे मिश्रण मोठ्या कसोटीवर उतरलेले आहे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली असता, डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईनच्या तुटवड्यात मीठ, साखर आणि सोड्याचे असेच पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. बाजारातील गोड पेये मात्र तिची जागा घेऊ शकत नाहीत. २०२५ साली भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या वेष्टनावर 'ओआरएस' ही अक्षरे छापण्यास मनाई केली, ती याच कारणासाठी.

गिरनार परिसरात प्लास्टिकवर निर्बंध आहेत, म्हणून पाण्यासाठी स्टीलची बाटली घ्यावी. खाण्यास दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, केळी असे थोडे थोडे पुरे. कमंडलू कुंडावर यात्रेकरूंना अन्नप्रसाद मिळतो. तो घेताना एवढे स्मरण ठेवावे की तेथले धान्य माणसांनी खांद्यावरून पायऱ्या चढून आणलेले असते. पानात टाकू नये. अन्नदानाची इच्छा असलेल्या देणगीदारांनीही धान्याबरोबर त्या वाहणावळीचा विचार केल्यास उत्तम.

वाटेत

महाराष्ट्रातून जाणाऱ्या गटांचा कार्यक्रम बहुधा असा असतो : रात्रभर रेल्वेचा प्रवास, सकाळी जुनागढ, दिवसभर स्थलदर्शन आणि त्याच मध्यरात्री आरोहण. म्हणजे दोन रात्रींची झोप गमावलेला देह सर्वांत मोठ्या श्रमाला जुंपला जातो. एक मुक्काम वाढविल्याने खर्च थोडा वाढेल, पण गटप्रमुखांनी तो वाढवावा. झोप न झालेल्याला उष्णतेचा त्रास लवकर होतो.

गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या वेगाइतका असावा, आणि तरुणांपैकी एकाने शेवटी राहावे. हा परिसर २००८ पासून अभयारण्य असून तेथे सिंह व बिबटे आहेत. अंधारात पायऱ्या सोडून आडवाटेने जाऊ नये, एकट्याने चालू नये, आणि विजेरी प्रत्येकाजवळ स्वतंत्र असावी. परतण्याची वेळ तळेटीलाच ठरवावी. ठरलेल्या वेळी जेथे असू तेथून शिखराला नमस्कार करून वळावे. अंबाजीहून परतलेला यात्रेकरू पुढच्या पौर्णिमेला पुन्हा येऊ शकतो.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, थंड घाम यांपैकी काहीही झाले तर "पित्त झाले असेल" असे म्हणून पुढे चालू नये. तेथेच बसवावे, १०८ क्रमांकावर कळवावे व डोलीने उतरवावे. चक्कर, डोकेदुखी, पायांत गोळे हा उष्णतेचा पहिला इशारा. सावलीत बसवून क्षारयुक्त पाणी द्यावे आणि बरे वाटले तरी त्या दिवशी पुढचा चढ टाळावा. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. उष्माघातात कातडी कोरडीच असते हा समज चुकीचा आहे. श्रमाने झालेल्या उष्माघातात अंग घामाने ओलेही असते. जवळचे सर्व पाणी त्याच्या अंगावर ओतावे, मान, काखा व जांघांत ओली फडकी ठेवावीत आणि पंच्याने सतत वारा घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही. आधी थंड करावे, मग हलवावे. या क्रमावर प्राण अवलंबून असतो.

शिखरावर पादुकांपाशी जागा अल्प असल्याने दर्शन थोडक्यात आटोपावे लागते. घामाने भिजलेल्या अंगाला तेथील वारा बोचतो, तेव्हा एक कोरडा सदरा बरोबर असावा. खाली आल्यावर लगेच आडवे न होता दहा मिनिटे सपाटीवर सावकाश चालावे, मग कोमट पाण्याने पाय धुवावेत. मांड्यांचे दुखणे दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. त्यामुळे परतीचे आरक्षण त्याच संध्याकाळचे करू नये. आणि करावेच लागले तर खालचा बर्थ मागून घ्यावा.